बासष्ट कुत्रे आणि एक बाही

४ जून

तीर्थरूप मावशी,

वाकून नमस्कार. म्हणजे मनातल्या मनात वाकून. प्रत्यक्षात गेले दहा दिवस मला वाकताच येत नाहीये. पण हे तुझ्या-माझ्यात. इथे कोणाला कळलं तर माझी रवानगी मोज्यांच्या टेबलावर होईल.

नीट पहिल्यापासून सांगते. आमच्या संग्रहालयात एका जुन्या नाटकगृहाचा पडदा दुरुस्तीला आलाय. दीडशे वर्षांचा, रेशमी, नऊ मीटर रुंद, सहा मीटर उंच, आणि त्यावर भरतकामात शिकारीचा देखावा. मधोमध एक हरीण आणि त्याच्या मागे बासष्ट कुत्रे. मी स्वतः मोजलेत. शिकारी एकच आहे आणि तो कोपऱ्यात झाडाखाली झोपलाय. अकरा वर्षं मी या कार्यशाळेत उशांचे अभ्रे आणि टोप्या दुरुस्त करत होते, आणि आता बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, हरीण माझ्या ताब्यात दिलंय. पंधरा सप्टेंबरला पडदा लोकांसमोर टांगायचा आहे. मावशी, मला हे हरीण माझ्या हातून पुरं व्हायला हवंय. बाकी काही नको.

पहिले तीन आठवडे पडदा जमिनीवर पसरला होता. त्याच्यावर, कापडाला न टेकणारी चाकांची फळी, फळीवर आम्ही पालथे, छातीखाली उशी, आणि हातात धूळ ओढायची नळी. तिथेच कधीतरी माझ्या कंबरेत कटकन झालं. आता पडदा दोन लांब रुळांवर गुंडाळलाय. मधला हातभर पट्टा ताणून उघडा ठेवलाय. आम्ही दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसतो, एक हात पडद्याच्या वर, एक हात खाली, आणि झिजलेलं रेशीम खालच्या लिननवर बारीक टाक्यांनी टाचतो.

बाईंचे नियम ऐक. अंगठ्या, घड्याळ, लोंबतं कानातलं, सगळं काढून डब्यात. खिसे रिकामे. पेन आणलं तर गुन्हा, फक्त पेन्सिल. सैल बाह्या कोपराच्या वर बांधायच्या. खुर्ची, दिवा, पायाखालचा पाट ज्याने-त्याने आपल्या मापाने लावून घ्यायचा. रूळ फिरवायचा तर सहा जण लागतात आणि बोलायचं एकट्या बाईंनी. आणि सगळ्यात कहर म्हणजे दर पंचवीस मिनिटांनी घंटी. ती वाजली की टाका अर्धा असला तरी उठायचं, लांबच्या भिंतीकडे बघायचं, खांदे फिरवायचे, मान हलवायची. आठ जाणती माणसं बदकांसारखी माना हलवतात आणि कोणालाच हसू येत नाही.

दुखत असेल त्याने लगेच सांगायचं, म्हणजे त्याला हलकं काम मिळतं. हलकं काम म्हणजे मोजे. कुठल्याशा पलटणीचे चारशे जुने मोजे आलेत, त्यांना नंबर द्यायचे. आजवर मोज्यांकडे गेलेलं माणूस पडद्याकडे परत आलेलं नाही.

तूच मला शिकवलंस ना, दोरा संपल्याशिवाय शिवणारीने उठायचं नसतं. मी घंटीला उठल्यासारखं करते आणि बसते. पण कंबरेचं काय करू ते कळव.

तुझी,
बबडी


१२ जून

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून करमणूक झाली. घंटी म्हणे. चाळीस वर्षं मी शिवणाच्या दुकानात बसले. घंटी माझ्याकडेही होती, पण ती दाराला, आणि ती वाजली की गिऱ्हाईक आत यायचं. माना हलवायला कोणी येत नव्हतं. तुमच्या बाई शिकलेल्या असतील, पण शिवणारी बाई उठत-बसत राहिली तर टाक्याची लय जाते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

तुझ्या कंबरेला काही झालेलं नाही. खुर्चीचे लाड केले की कंबर शेफारते. गरम पाण्याची पिशवी लाव आणि तोंड मिटून काम कर. हरीण सोडू नकोस.

मीही काही रिकामी बसलेली नाही. समोरच्या शाळेला नाटकासाठी डोंगर हवाय. हिरव्या जाड कापडाचा, चाळीस मीटर लागतंय, वर शिखर आणि खाली गुहा. मशीनवर डोंगर मावत नाही, म्हणून जमिनीवर गुडघे टेकून हातानेच शिवतेय. पुढची खोली सगळी डोंगराने व्यापली आहे. तुझे काका वर्तमानपत्र घ्यायला दरीतून जातात. दुकान कंटाळा आला म्हणून बंद केलं त्याला सहा वर्षं झाली, पण हात बघ अजून कसा चालतो.

तुझी,
मावशी

ता. क. हे मी, तुझा काका, लिहितोय. पाकीट पेटीत टाकायला मी जातो, त्यामुळे शेवटचा शब्द माझा. ती लिहीत नाही ते असं, की मंगळवारी ती डोंगराखाली शिरली आणि तिला उठता येईना. मी आणि दूधवाल्याने एकेक पाय धरून तिला गुहेतून ओढून काढली. दूधवाला तेव्हापासून पिशवी दाराबाहेर ठेवून पळतो. हे मी कळवलं असं तिला कळवू नकोस.


३० जून

तीर्थरूप मावशी,

माझ्या हातून असं काहीतरी झालंय की सांगताना मलाच हसू येतंय आणि हसलं की कंबरेत कळ येते.

तू शिवून दिलेला पिवळ्या लिंबांचा शर्ट आठवतो ना? धुऊन धुऊन मऊ झालेला. सोमवारी तो घातला होता. बाह्या सैल, पण वर बांधायच्या राहिल्या. हरणाच्या पोटाखालचा भाग चालू होता आणि हात असा लागला होता की काय सांगू. पहिली घंटी वाजली, उठले नाही. दुसरी वाजली, उठले नाही. शेजारच्या चष्मेवालीने विचारलं, तर म्हटलं, दोरा संपू दे. तिसरी घंटी जेवणाची होती. सगळे गेले. मी उठायला गेले, तर माझा डावा हात पडद्याखालून येईना.

मावशी, मी माझी बाही पडद्याला शिवली होती. रेशीम, लिनन आणि त्याखाली माझी बाही, वीतभर लांब, सुबक, एकसारखे टाके. सव्वा तासाचं काम. इतकं सरळ मी आयुष्यात शिवलेलं नाही.

टाके उसवायला निदान दोन दिवस हवेत, कारण दीडशे वर्षांचं रेशीम ओढून चालत नाही. आणि बाईंना परत यायला वीस मिनिटं होती. हाक मारावी तर सगळी कार्यशाळा जमून मला पडद्यातून सोडवणार, मग कोणीतरी विचारणार की तू दोन घंट्या उठली का नाहीस. म्हणून उजव्या हाताने चिमुकली कात्री घेतली, खांद्यापाशी बाही कापली आणि उरलेली कडेकडेने कातरून टाकली. खाली लिंबांची पट्टी तेवढी राहिली. उद्या गुपचूप काढू म्हटलं, तर जेवणानंतर सहा जणांनी मिळून रूळ फिरवला आणि पट्टी आत गेली.

चष्मेवालीने विचारलं, शर्टाला एकच बाही कशी? मी म्हटलं, अशीच पद्धत आहे सध्या. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणून स्वच्छतागृहात जाऊन दुसरीही कापून टाकली.

आता सांग काय करू. रूळ परत उघडेल तेव्हा पट्टी दिसणार. आणि कंबर आता उठताना नाही, बसताना दुखते. म्हणून मी उठतच नाही.

तुझी,
बबडी (बिनबाह्यांची)


८ जुलै

चि. बबडीस आशीर्वाद.

काकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते इतके हसले की डोंगरावर बसले आणि शिखर दबलं.

आता नीट ऐक. गप्प राहा. खालच्या बाजूला कोण बघायला जातंय? पडदा टांगला की तोंड लोकांकडे आणि पाठ भिंतीकडे. माझ्या शिवणाच्या पट्टीने तुमचा पडदा उलट चार वर्षं जास्त टिकेल. तू आपलं बोलून बसशील आणि मोज्यांना नंबर देशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे, लहानपणी बरणी फुटायच्या आधी कबूल करायचीस.

बाकी चाळीस वर्षांत मी असलं काही केलेलं नाही, हेही लिहून ठेव. शिवणाऱ्या माणसाचं लक्ष हवं.

डोंगर छान चाललाय. आता एका कुशीवर झोपून शिवते, तेही जमतं.

तुझी,
मावशी

ता. क. काका. तिने माझा लेंगा एका गिऱ्हाइकाच्या गादीच्या खोळीला शिवला होता. मी लेंग्यात होतो. गिऱ्हाईक दारात होतं. आणखी एक, हे हसण्यासारखं नाही. तिची मान आता डावीकडे वळत नाही. डावीकडे काय आहे ते मला विचारते, आणि मी सांगितलं की म्हणते, ते मला दिसतंय.


२९ जुलै

तीर्थरूप मावशी,

खालच्या बाजूला कोण बघायला जातंय, असं तू विचारलं होतंस. तर महापंडित गेले.

हे आमचे पाहुणे तज्ज्ञ. खरं नाव मोठं आहे, आम्ही त्यांना महापंडित म्हणतो. ते पडद्यांवर बोलायला गावोगाव जातात. परवा रूळ उघडला होता. पडदा उचलायला परवानगी नाही, म्हणून ते पाठीवर झोपून, लांब दांडीचा आरसा आणि बॅटरी घेऊन, गाडीखाली शिरणाऱ्या मेकॅनिकसारखे आत गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, इथे लिंबं आहेत."

मग अर्धा तास ते बाहेरच येईनात. बाहेर आले ते डोळे पुसत. त्यांच्या मते ही पट्टी म्हणजे पडद्याची सर्वांत जुनी दुरुस्ती. रंग उडालेला, सूत मऊ, म्हणजे निदान शंभर वर्षांपूर्वीची. पडदा एखाद्या लिंबांच्या मुलखातून फिरत आला असणार, असंही त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आणि एका कडेला तुझी हातशिलाईची दुमड शाबूत आहे ना, ती बघून म्हणाले, "हा हात साधासुधा नाही. ही कोणीतरी उस्ताद बाई होती."

बाईंनी भुवई वर केली, पण महापंडितांपुढे त्या काय बोलणार? आता प्रदर्शनाच्या पुस्तकात या पट्टीवर एक पान आहे. महापंडितांचं भाषण आहे. आणि त्या पानाचं वर्णन लिहायला बाईंनी मलाच सांगितलंय, कारण त्या भागात मी काम केलंय.

मावशी, मला झोप लागत नाही. बोलले तर हरीण गेलं. नाही बोलले तर माझ्या शर्टाची बाही पुस्तकात छापली जाणार, आणि पुढे शंभर वर्षं लोक लिंबांचा मुलूख शोधत फिरणार. हरणाचा फक्त चेहरा उरलाय. सकाळी मला सँडलचे बंद लावता येत नाहीत, जिन्यात बसून पायानेच सरकवते. काय करू, लवकर लिही.

तुझी,
बबडी


३ ऑगस्ट

चि. बबडीस काकाचे आशीर्वाद.

या वेळी ता. क. नाही, सगळं पत्रच माझं आहे. मावशी अंथरुणावर आहे. शनिवारी डोंगराची गुहा शिवताना पाठ धरली ती सुटली नाही. डॉक्टर येऊन गेले. घाबरण्यासारखं नाही, पण महिनाभर जमिनीवर बसायचं नाही आणि मानेला पट्टा.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. उस्ताद बाई ही ओळ तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "लिही, गप्प राहा म्हणावं." मी कागद घेतला. मग म्हणाली, "थांब." मग भिंतीकडे तोंड करून पडली. उजवीकडच्या भिंतीकडे, कारण तेवढीच वळते.

तुला एक गोष्ट सांगू नको म्हणून तिने सहा वर्षं मला बजावलंय. दुकान तिने कंटाळून बंद केलं नाही. मान खाली जाईना, बोटांना मुंग्या यायच्या. ती कोणाला बोलली नाही, मलाही नाही. शेवटी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावून बसली, तेव्हा मला कळलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, कंटाळा आला. दुखतं म्हणायची तिला लाज वाटली. तुझं तू ठरव. मी फक्त कळवलं.

तुझा,
काका


१२ ऑगस्ट

तीर्थरूप मावशी आणि काका,

दोघांना एकच पत्र लिहितेय. काका, तुमची चुगली मी उघड करतेय, माफ करा. मावशी, काकांवर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागाव, कारण मी सांगून टाकलं.

मंगळवारी महापंडित भाषणाची तयारी करायला आले होते. आम्ही सगळे पडद्याभोवती उभे. ते छडीने दाखवत म्हणाले, "आणि इथे, मंडळी, लिंबू-पट्टी." मी म्हटलं, "सर, ती बाही आहे. माझी."

ते म्हणाले, "तुमची म्हणजे, तुमच्या घराण्याची?"

"नाही सर. माझ्या शर्टाची. जूनमधली."

मी पिशवीतून दुसरी बाही काढून टेबलावर ठेवली. महापंडितांनी भिंग लावून ती दहा मिनिटं तपासली. मला वाटतं, तीही जुनी निघते का बघत होते. मग भिंग खिशात ठेवून अगदी हळू विचारलं, "पण दुमड कोणी घातलीय?" मी म्हटलं, माझ्या मावशीने. ते म्हणाले, "मग त्या बाबतीत मी चुकलो नाही." आणि चहा न घेता गेले.

बाईंनी बाहीबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, "घंटी वाजली तेव्हा तू कुठे होतीस?"

"खुर्चीतच."

"उठली का नाहीस?"

मी म्हणाले, उठलं की परत बसताना दुखायचं, आणि ते तुम्हाला दिसलं असतं. मे महिन्यापासून दुखतंय. बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "बाही चार दिवसांत निघेल. तुझ्या कंबरेचं मी काय करू?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्याच दिवशी मला व्यायामाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तीन आठवडे रुळाला हात लावायचा नाही. हरणाचा चेहरा चष्मेवालीकडे गेला. मी मोज्यांच्या टेबलावर बसले, एक ते सत्तावीस नंबर घातले आणि अठ्ठाविसाव्या मोज्यावर ढसाढसा रडले. नियमाप्रमाणे मोज्यावर पाणी पडलं तर तेही नोंदवायचं असतं. मी नोंदवलं.

काल चष्मेवालीने हरणाचा डोळा पुरा केला. मी जाऊन बघितला. चांगला झालाय, माझ्यापेक्षा चांगला. मला वाईट वाटलं, आणि तिला चांगला झालाय म्हणून सांगितलं, तेव्हाही वाटतच होतं. बाई म्हणाल्या, सप्टेंबर लागला की शेवटचे सात कुत्रे तुझे, पण घंटी तूच वाजवायचीस आणि सगळ्यांना उठवायचंस. म्हणजे मोज्यांकडून परत आलेली पहिली बाई मीच.

मावशी, तू मला का नाही सांगितलंस? मी तुझ्यासारखं व्हायचं म्हणून ओठ मिटून सोसत बसले होते. पंधरा तारखेला तू ये. पुस्तकातलं ते पान आता कोरं आहे, पण पडदा आहे.

तुमची,
बबडी


४ सप्टेंबर

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. हात दुखत नव्हता, लाज वाटत होती.

काकांची चुगलखोरी मी पोटात घातली. आजही पाकीट तेच टाकणार आहेत, पण कागद मी शेवटपर्यंत भरणार, त्यांना जागा ठेवणार नाही.

डोंगराचं सांगते. शाळेच्या बाईंना बोलावून मी सरळ म्हटलं, माझ्याच्याने हे होत नाही, माझी पाठ गेलीय. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. मला वाटलं त्या कापड उचलून दुसरीकडे जातील. दुसऱ्या दिवशी सात शिक्षक आणि शाळेचा शिपाई सुया घेऊन आले. चार टेबलं जोडली, डोंगर त्यावर चढवला आणि मला खुर्चीत बसवून म्हणाले, सांगा. शिपाई सोडला तर एकालाही धावदोरा येत नव्हता. डोंगराला गोवर आल्यासारखे टाके पडलेत. मी उसवायला लावले नाहीत. अर्धा तास झाला की मीच त्यांना उठवत होते, आणि गणिताचे मास्तर कुरकुर करत होते की दोरा अजून संपला नाही.

आता खरं सांगते. दुकान बंद केलं तेव्हा मी रडले नाही. मी चिडले, आणि सहा वर्षं चिडलेलीच आहे. तुझ्यावर नाही, कोणावर ते मलाही सांगता येत नव्हतं. दोरा संपेपर्यंत उठू नकोस असं मी तुला शिकवलं, कारण मला कधी कोणी उठ म्हटलंच नाही, आणि मला वाटायला लागलं की न उठणं हाच माझा मोठेपणा. तुझं हरीण गेलं ते माझ्यामुळे. मला त्याचं फार वाईट वाटतं. तू गप्प राहा म्हटलेलं ऐकलं नाहीस, ते बरं केलंस.

त्या महापंडितांना माझा नमस्कार सांग. माणूस चुकला, पण नजर आहे.

मी चौदा तारखेला सकाळच्या गाडीने येते. काका येत नाहीत, नाटकात डोंगर सरकवायला त्यांना ठेवून घेतलंय. दर वेळी मी तुला स्टेशनच्या फाटकाबाहेर थांब म्हणते आणि सामान घेऊन एकटी बाहेर येते. या वेळी गाडीच्या दारापर्यंत ये. पिशवी मला उचलत नाही. तुलाही एकटीने उचलायची नाहीये, हे मला माहीत आहे. म्हणून लांब बंदांची घेतली आहे. एक बंद तू धर, एक मी धरते, आणि सावकाश चालू.

तुझी,
मावशी